पुंगळी सापडली नाही, याचा अर्थ काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात जिल्ह्यातील एका गोळीबाराची बातमी आली होती. बाराबोरच्या दुनळी बंदुकीतून दोन बार झाले, परंतु घटनास्थळी एकही पुंगळी, म्हणजे बार उडाल्यावर उरणारे काडतुसाचे रिकामे नळकांडे, मिळाली नाही, म्हणून पुरावा नाहीसा करण्यासाठी पुंगळ्या उचलून नेल्या गेल्या असाव्यात, असा तर्क त्या बातमीत केला होता. शेजारच्या चौकटीत ‘बार उडताच रिकामी पुंगळी बंदुकीतून आपोआप बाहेर पडते’ असे वाक्यही छापले होते. त्या प्रकरणात खरे-खोटे काय, हे न्यायालय पाहील; त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मात्र चौकटीतील ते वाक्य दुनळी बंदुकीला मुळीच लागू पडत नाही, आणि त्याच वाक्याच्या आधारावर बातमीतील तर्क उभा आहे. मी पुण्यात एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या कारखान्यात चौतीस वर्षे बंदुका दुरुस्त केल्या. त्यांत मोडून उघडणाऱ्या एकनळी आणि दुनळी बंदुकाच सर्वाधिक होत्या. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर इतिहासाचा भाग काढावा, यंत्रणेचा ठेवावा, ही विनंती.

बार होताच पुंगळी बाहेर फेकणारे हत्यार म्हणजे स्वयंभरणाचे पिस्तूल किंवा रायफल. तिथे बाराच्याच शक्तीवर मागचा भाग सरकतो, रिकामी पुंगळी ओढून बाजूला टाकतो आणि नवे काडतूस चढवतो. दुनळी बंदुकीत बाराच्या वेळी असे काहीच घडत नाही. लक्ष्मी रस्त्यावरील पेढ्यांच्या किंवा बँकांच्या दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराच्या हातात जी बंदूक आपण पाहतो, तिच्या नळ्यांचे मागचे तोंड एका जाड पोलादी पाटीला घट्ट टेकलेले असते आणि वरचा खटका फिरवून नळ्या खाली झुकवल्याशिवाय ते उघडत नाही. यालाच आम्ही बंदूक मोडणे म्हणतो. बार झाल्यानंतर माणूस बंदूक तशीच मिटलेली घेऊन दहा मैल चालत गेला, तरी पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागीच, राहते. तेव्हा घटनास्थळी पुंगळी नसणे याचा पहिला आणि सर्वांत साधा अर्थ एवढाच की, त्या जागी बंदूक मोडली गेली नाही.

आता मोडल्यावर काय होते ते पाहू. इथे दुनळी बंदुकांच्या दोन जाती होतात आणि त्यांतला भेद भल्याभल्या परवानाधारकांनाही ठाऊक नसतो. एका जातीत एक्स्ट्रॅक्टर असतो, दुसरीत इजेक्टर. दिसायला दोन्ही बंदुका सारख्याच.

बाराबोरच्या काडतुसाच्या बुडाला धातूचा काठ असतो. बुडाशी काडतूस साधारण २०.६ मिलिमीटर जाड असते आणि काठाचा व्यास सुमारे २२.५ मिलिमीटर, म्हणजे पकडायला मिळणारी कड सगळीकडून जेमतेम एक मिलिमीटरची. काडतूस ओढून काढण्याचे सगळे काम या एक मिलिमीटरवर चालते. चेंबरच्या तोंडाशी, दोन्ही नळ्यांच्या मधल्या बाजूला, काठाखाली बसेल असा पोलादाचा एक तुकडा घासून बसवलेला असतो. तोच एक्स्ट्रॅक्टर. त्याचा लांब पाय नळ्यांच्या खालच्या भोकातून पुढे जातो. बंदूक मोडताना नळ्या बिजागरीच्या खिळ्याभोवती खाली फिरतात, परंतु त्या पायाला पुढून अडवणारा उंचवटा जागचा हलत नाही, त्यामुळे नळ्या जसजशा झुकतात तसतसा पाय मागे रेटला जातो आणि दोन्ही काडतुसे अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर उचलून धरतो. पुढचे काम बोटांचे. यात कुठेही स्प्रिंगचा जोर नाही, उघडणाऱ्या माणसाच्या हाताचाच जोर तरफेने काडतुसाच्या काठापर्यंत पोचतो. बंदूक मिटताना एक्स्ट्रॅक्टर मागच्या पाटीला टेकतो आणि आपल्या खाचेत परत जाऊन बसतो.

एक्स्ट्रॅक्टरला उडालेले आणि न उडालेले काडतूस यांत फरक करता येत नाही. एकच बार काढला असला तरी दोन्ही काडतुसे सारखीच वर येतात; बुडातील दारू पेटवणाऱ्या टोपीवरचा, सुईने पाडलेला खड्डा पाहून किंवा अंधारात नखाने चाचपून रिकामी पुंगळी कोणती ते ओळखावे लागते. मुंगेरच्या आणि एकूणच देशी बनावटीच्या ज्या दुनळी बंदुका माझ्या हाताखालून गेल्या, त्यांतील जवळजवळ सगळ्या याच जातीच्या होत्या. शेतराखणीच्या परवान्यावर किंवा रखवालदाराच्या खांद्यावर आपल्याला दिसते ती बहुधा हीच. अशा बंदुकीची पुंगळी जमिनीवर पडते ती कोणी हाताने काढून टाकली म्हणूनच.

इजेक्टरच्या बंदुकीत तोच पोलादी तुकडा मधोमध चिरलेला असतो. उजव्या नळीचा अर्धा वेगळा, डाव्या नळीचा वेगळा, आणि प्रत्येक अर्ध्यासाठी पुढच्या लाकडी हातधरणीत, म्हणजे फोरएंडमध्ये, एक छोटा हातोडा आणि त्याची जोरदार स्प्रिंग. बंदूक मोडायला लागले की प्रथम एक्स्ट्रॅक्टरसारखेच काम होते. तरफेने काडतूस सावकाश थोडे वर उचलले जाते, आणि हे सावकाश उचलणे फार महत्त्वाचे आहे, कारण बाराच्या दाबाने चेंबरच्या भिंतीला चिकटून बसलेली पुंगळी आधी सैल व्हावी लागते. नळ्या जवळजवळ पूर्ण झुकल्या की, ज्या बाजूचा बार काढला असेल त्या बाजूचा छोटा हातोडा सुटतो, इजेक्टरच्या पायावर फटका मारतो आणि पुंगळी खांद्यावरून सहा-सात फूट मागे जाऊन पडते. न उडालेल्या बाजूचे काडतूस नुसते वर आलेले असते. ते जागीच राहते.

कोणत्या बाजूचा बार काढला हे त्या हातोड्याला कसे समजते, याचे उत्तर मला आजही पहिल्या वेळेइतकेच सुंदर वाटते. थॉमस साउथगेट या इंग्रज कारागिराने १८९३ साली पेटंट घेतलेली रचना सर्वांत जास्त चालली. तिच्यातील हातोडा खिशातल्या चाकूच्या पात्यासारखा असतो. चाकू थोडासा उघडून सोडला तर पाते परत मिटते, ठरावीक बिंदूच्या पुढे नेले तर तीच स्प्रिंग त्याला उलट बाजूला ढकलते. बंदुकीच्या पोटातला, टोपीवर सुई आपटणारा घोडा चढलेला असेल तर बिजागरीजवळची एक लहान कळ आत राहते. घोडा पडलेला असेल तर तीच कळ बाहेर डोकावते. नळ्या झुकताना छोट्या हातोड्याची टाच त्या बाहेर आलेल्या कळीला अडते, हातोडा त्या बिंदूच्या पलीकडे ढकलला जातो आणि मग स्प्रिंग त्याला फेकते. कळ आत असेल तर टाच कशालाच अडत नाही आणि हातोडा जागचा हलत नाही. बंदूक मिटताना दोन्ही इजेक्टर पाटीला टेकून आत दाबले जातात आणि हातोडे पुन्हा चढतात. म्हणूनच इजेक्टरची बंदूक मिटताना हाताला अधिक जोर लागतो. ती जुनी झाल्यामुळे जड लागते, असा अनेकांचा गैरसमज असतो.

या रचनेतून निघणारी एक गोष्ट प्रत्येक परवानाधारकाने आणि प्रत्येक ठाणे अंमलदाराने ध्यानात ठेवली पाहिजे. बार उडाला की नाही, हे इजेक्टरला कळत नाही. घोडा पडला की नाही, एवढेच कळते. काडतूस फुसके गेले, म्हणजे टोपीवर सुई आपटली पण दारू पेटली नाही, तरी इजेक्टर ते भरलेले काडतूस पुंगळीसारखेच बाहेर फेकतो. कधी टोपी लगेच पेटत नाही, क्षण-दोन क्षणांनी पेटते. म्हणून चाप ओढल्यावर आवाज झाला नाही तर नळ्या सुरक्षित दिशेला रोखून निदान ३० सेकंद थांबावे आणि त्यानंतर चेंबरच्या तोंडासमोर चेहरा न आणता बंदूक मोडावी, असे आम्हाला शिकवले होते आणि मीही पुढच्या मुलांना तेच शिकवले. जमिनीवर पडलेले, टोपीला खड्डा असलेले काडतूस रिकामेच असेल, असे कधीही गृहीत धरू नये.

आता तपासाच्या दृष्टीने पाहू. दुनळी बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीतील पीळदार खाचा गोळीवर उमटतात, तशी खूण छऱ्यांवर उमटत नाही, त्यामुळे कोणता छर्रा कोणत्या नळीतून आला हे छऱ्यावरून सांगता येत नाही. बोलते ते पुंगळीचे बूड. टोपीवरील सुईचा खड्डा, पाटीचे उमटलेले ओरखडे आणि इजेक्टरच्या फटक्याने काठाच्या आतल्या अंगाला पडलेला ठसा, हे सारे त्या एका बंदुकीचे असते. साधा एक्स्ट्रॅक्टर काठाखाली क्वचितच ठळक खूण सोडतो, कारण तो मारत नाही, उचलतो. प्रयोगशाळेतील तज्ज्ञांना हे सारे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले माहीत आहे. अडचण असते ती बंदूक त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच्या पहिल्या एक-दोन तासांत.

त्या वेळात काय होते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. एका ठाण्यात, त्याचे नाव मी लिहीत नाही, बंदूक ओळखण्यासाठी मला बोलावले होते. मी पोचेपर्यंत कोणीतरी ती मिटलेली बंदूक कुतूहलाने मोडली होती. बंदूक इजेक्टरची होती. दोन्ही पुंगळ्या उडून कपाटाखाली गेल्या, आणि उजव्या नळीतील कोणती व डाव्या नळीतील कोणती, हा प्रश्न उभा राहिला. दोन चापांच्या बंदुकीत पुढचा चाप साधारणपणे उजव्या नळीचा असतो आणि मागचा डाव्या नळीचा, म्हणून कोणता बार आधी झाला याचा अंदाज बांधताना ही माहिती कामी येते. सुईच्या खड्ड्यावरून प्रयोगशाळा ती नंतर शोधून काढू शकते, परंतु जी गोष्ट उघडताना एका नजरेत दिसली असती तिच्यासाठी दिवस खर्च व्हावेत, याचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि आजही वाटते. बंदूक रिकामी करणे सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे, त्याविषयी दुमत नाही. जाणकाराच्या हातून, नळ्या सुरक्षित दिशेला ठेवून, चेंबरवर जाड कापड धरून ती सावकाश मोडावी. उजवे आणि डावे काडतूस तिथल्या तिथे वेगवेगळ्या पाकिटांत घालावे. बंदूक एक्स्ट्रॅक्टरची आहे की इजेक्टरची आणि मोडली तेव्हा चेंबरमध्ये काय होते, हे पंचनाम्यात दोन ओळींत लिहावे. ‘एक दुनळी बंदूक, दोन पुंगळ्या’ एवढ्या नोंदीतून यांतले काहीच कळत नाही.

थोडे इतिहासाबद्दल. कोकणात आजही शेतराखणीला दिसते त्या ठासणीच्या बंदुकीला काडतूसच नसते, म्हणून काढायलाही काही नसते. पॅरिसच्या लफोशो या कारागिराने १८३० च्या दशकात मोडून उघडणारी बंदूक आणली, तेव्हा तिच्या काडतुसाला बाजूने एक खिळा बाहेर आलेला असे आणि तोच खिळा चिमटीत धरून रिकामी पुंगळी ओढत. पुढे टोपी काडतुसाच्या बुडात मधोमध बसू लागली, खिळा गेला, बोटाने धरायला काही उरले नाही आणि एक्स्ट्रॅक्टर अपरिहार्य झाला. जोसेफ नीडहॅमचे इजेक्टरचे पेटंट १८७४ सालचे, बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांची प्रसिद्ध हॅमरलेस, म्हणजे घोडा बाहेर न दिसणारी, रचना १८७५ सालची. इंग्लंडमध्ये हाकारे घालून पाखरे उडवत आणि श्रीमंत शिकारी एकामागून एक बार काढत, त्यांना पुंगळ्या काढण्यात जाणारे दोन सेकंदही नको होते. इजेक्टर वाढला तो त्यांच्यासाठी. आपल्याकडे त्या महागड्या बंदुका संस्थानिकांनी आणि साहेबांनी आणल्या, आणि त्यांतल्या काही वारसाहक्काने पुण्यातल्या घराघरांत उतरल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचा प्रश्नच राहिला नाही. म्हणून दुकानात कोणी सल्ला विचारला तर मी सांगत असे की, घरासाठी किंवा राखणीसाठी साध्या एक्स्ट्रॅक्टरची बंदूक अधिक चांगली. तिच्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात. बालेवाडीच्या रेंजवर ट्रॅप आणि स्कीटचा, म्हणजे उडत्या चकत्यांवरील नेमबाजीचा, सराव करणाऱ्या मुलामुलींकडच्या एकावर एक नळीच्या बंदुकांना बहुधा इजेक्टर असतो. पण तेही बंदूक मोडताना चेंबरवर तळवा धरतात आणि पुंगळी हातातच झेलून डब्यात टाकतात, शेजारच्या नेमबाजाच्या अंगावर जाऊ देत नाहीत.

दुरुस्तीला येणाऱ्या बंदुकांत मला सर्वांत जास्त त्रास दिला तो अडकलेल्या पुंगळीने. बार होतो तेव्हा चेंबरमध्ये प्रचंड दाब तयार होतो. ७० मिलिमीटरच्या सर्वसाधारण बाराबोर काडतुसासाठी युरोपातील प्रमाणाने त्याची कमाल मर्यादा ७४० बार (इथे ‘बार’ हे दाबाचे एकक) धरली आहे. या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते, मागे वायू येऊ देत नाही आणि दाब उतरताच किंचित आक्रसते. चेंबर आरशासारखे असेल तर ती अलगद सुटते. गंजाने खड्डे पडलेले असतील तर पुंगळीचे प्लॅस्टिक त्या खड्ड्यांत दाबले जाते आणि जणू मुळे धरते. मग एक्स्ट्रॅक्टरवर जोर येतो, तो एक मिलिमीटरचा काठ निसटतो, आणि एक्स्ट्रॅक्टर पुंगळीच्या बुडावरून वर निघून जातो. आता तो काठाच्या मागे बसल्यामुळे बंदूक मिटतही नाही.

मुळशीकडचे एक वयस्कर शेतकरी एकदा ऐन श्रावणात अशीच बंदूक घेऊन आले होते. वडिलांच्या वेळची कागदी काडतुसे त्यांनी वापरली होती. दमट हवेत कागद फुगतो, भरतानाच ते काडतूस अंगठ्याने रेटावे लागले असणार. बार झाल्यावर पुंगळी निघेना म्हणून गावातल्या कोणी स्क्रूड्रायव्हरने उचकटली होती. माझ्याकडे आली तेव्हा एक्स्ट्रॅक्टरची जीभ वाकली होती आणि चेंबरच्या तोंडावर चरा पडला होता. मी पुंगळीभोवती तेल सोडून बंदूक रात्रभर उभी ठेवली, सकाळी पुढच्या तोंडातून नळीच्या मापाची सागवानी काठी घालून हलक्या हाताने ठोकली, आणि तिसऱ्या ठोक्याला पुंगळी पुरचुंडीसारखी मऊ होऊन खाली पडली. काठी घालण्यापूर्वी चेंबरमध्ये आहे ती रिकामी पुंगळीच आहे, भरलेले काडतूस नाही, याची खात्री दोनदा केली होती. चरा काढायला मात्र दोन दिवस गेले. वाकलेली जीभ सरळ करून चालत नाही. तिच्यावर पोलादाचा थर चढवून काठाच्या मापाला पुन्हा घासावी लागते, आणि मधूनमधून काजळी लावून ती कुठे टेकते ते पाहावे लागते.

इजेक्टरच्या बंदुकीचे वेगळेच असते. बार काढून, तशीच मोडून, मालक ती पुसण्यासाठी फोरएंड काढतात. आतले हातोडे तेव्हा पडलेले असतात. मग फोरएंड परत बसत नाही. अशा वेळी मोगरीने ठोकून लाकूड फोडलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत. फोरएंड उलटे धरून दोन्ही छोटे हातोडे बाकाच्या लाकडी कडेवर एकेक करून दाबले की ‘टक्’ असा आवाज येतो, ते चढतात, आणि फोरएंड हाताच्या दाबाने जागी बसते. दुरुस्तीनंतर मी दोन्ही नळ्यांत नकली काडतुसे घालून, दोन्ही चाप ओढून बंदूक मोडत असे. समोर टांगलेल्या गोधडीवर दोन्ही काडतुसे एकदम आदळून शेजारी शेजारी पडली, तरच ती बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती जाई. एक आधी आणि एक नंतर पडले तर पुन्हा उघडायची.

शेवटचा मुद्दा निवडणुकीच्या काळातील जमा बंदुकांचा. आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात आणि ते योग्यच आहे. पण अनेक बंदुका महिना-दोन महिन्यांनी परत येतात तेव्हा एक्स्ट्रॅक्टर खाचेत गंजून बसलेला असतो, कारण त्या ओलसर भिंतीला टेकून, पुसल्याविना ठेवलेल्या असतात. जमा करतानाच मालकाने चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरची खाच कोरडी पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा, त्यासाठी ठाण्याने दहा मिनिटे द्यावीत, आणि पावतीवर ‘एक्स्ट्रॅक्टर’ किंवा ‘इजेक्टर’ हा शब्द लिहावा. परत घेताना वाद होणार नाहीत.

पत्रासोबत दोन पुंगळ्यांच्या बुडांची भिंगातून घेतलेली छायाचित्रे पाठवत आहे. पहिली साध्या एक्स्ट्रॅक्टरच्या बंदुकीतील असून तिचा काठ कोरा आहे. दुसरीच्या काठाच्या आतल्या अंगाला चंद्रकोरीसारखी बारीक खूण दिसेल. ती इजेक्टरच्या फटक्याची आहे. एकाच छायाचित्रापुरती जागा असेल तर दुसरे छापावे आणि चौकटीतील वाक्याची दुरुस्ती त्याखाली द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बंदूक-दुरुस्ती कारागीर,
पुणे